ठळक सुरू, ठळक संपलं

हेमलताबाई वारल्या तो दिवस त्यांच्या नवऱ्याला, रुपचंद नानांना, फारसा आठवत नाही. घरात माणसं मावत नव्हती आणि जो येई तो त्यांना "बसा नाना" म्हणे, त्यामुळे ते दिवसभर बसूनच होते. इतकं बसणं त्यांनी पाटबंधारे खात्याच्या नोकरीतसुद्धा केलं नव्हतं. नेमकं काय गेलं हे त्यांना कळलं ते नंतर. सुतक संपल्याचा गंधमुक्तीचा विधी आटोपला, पाहुणे आपापल्या गावी गेले, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या, आणि एका दुपारी मेघा लॅपटॉप घेऊन घरी आली, त्या दिवशी.

मेघा त्यांच्याच कॉलनीतली. जळगावात तिची चार-पाच माणसांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. गावोगावच्या दूध संस्थांसाठी तिनं ‘धारोष्ण’ नावाचा प्रोग्रॅम केला आहे. दूध आलं, काट्यावर ठेवलं, फॅट लागली, की संगणकावर नोंद होते आणि पावती बाहेर येते. हा प्रोग्रॅम कसा चालवायचा याची मराठी मार्गदर्शिका हेमलताबाई घरी बसून लिहीत होत्या. शाळेतली नोकरी संपल्यावर त्यांनी हे काम हौसेनं घेतलं होतं, आणि प्रोग्रॅम बदलला की पानंही पुन्हा लिहावी लागत म्हणून ते चार वर्षं चाललं होतं.

"नाना, काकूंची चाळीस पानं झाली होती," मेघा म्हणाली. "पुढची आमच्या ऑफिसातल्या पोरांनी लिहिली. जरा बघता का?"

नानांनी पाहिली. काकूंच्या पानांत ‘जतन करा’ हे बटण जिथं जिथं येई, तिथं ते ठळक अक्षरात होतं. पोरांच्या पानांत ते एकदा ठळक, एकदा तिरकं, एकदा खाली रेघ ओढलेलं, एकदा अवतरणात. एका पानावर तर ते तीन पोशाखांत आलं होतं. नवरदेव हळदीला वेगळा, मिरवणुकीत वेगळा आणि पंगतीत वेगळा दिसतो तसं.

"वाचणाऱ्याला वाटेल ही तीन बटणं आहेत," मेघा म्हणाली. "काकूंचा नियम काय होता? ठळक कधी करायचं, कधी नाही? कुठं लिहून ठेवलाय?"

"लिहून नाही. तिच्या डोक्यात होता."

"पण तुम्हाला माहीत असेल ना. तुम्ही रोज तर वाचायला बसायचे."

नानांनी सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "ठळक सुरू." पुढं काही येईना. त्यांना वाक्यं येत होती, नियम येत नव्हता. नियम हेमलताबाई सोबत घेऊन गेल्या होत्या. नाना गप्प बसले, आणि या वेळी त्यांना कुणी "बसा" म्हटलेलं नव्हतं.

हे "ठळक सुरू" काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. सरकारी कार्यालयात पूर्वी कागदाची नक्कल केली की रुजवात घेत. म्हणजे एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं नक्कल तपासायची. वाचणारा स्वल्पविरामसुद्धा तोंडानं सांगायचा. नाना पाटबंधारे खात्यात या कामात नावाजलेले होते. कालव्याचं पाणी शेतात पोचलं नाही तरी चालेल, पण नानांच्या रुजवातीतून स्वल्पविराम निसटायचा नाही. हेमलताबाईंचं लेखन सुरू झालं तेव्हा नानांनी ही पद्धत घरात आणली. त्या संगणकापुढं, नाना हेमलताबाईंनी पेनानं खुणा केलेलं छापील पान घेऊन आरामखुर्चीत, आणि नाना म्हणत तसा एकेक शब्द त्या ठळक करत. "वजन झाल्यावर ठळक सुरू जतन करा ठळक संपलं हे बटण दाबा पूर्णविराम." रोज संध्याकाळी असं चाले. कॉलनीत नव्यानं आलेल्या एका बाईंनी हे कुठलं स्तोत्र म्हणून चौकशीही केली होती.

शेजारचे सुपडू आप्पा हे भुसावळ विभागातले रेल्वेचे निवृत्त गार्ड. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून त्यांना ते पाठ झालं होतं. एकदा नाना ‘जतन करा’पाशी श्वास घ्यायला थांबले, तर आप्पांनी भिंतीपलीकडून गाडीला हिरवा झेंडा दाखवावा तशा आवाजात "ठळक संपलं" म्हणून टाकलं. हेमलताबाई इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला. त्या दिवशी रुजवात तिथंच थांबली. नाना थोडे रागावलेही होते, कारण सरकारी कामात तिसऱ्या माणसानं तोंड घालायचं नसतं.

तर मेघा म्हणाली, "पिंपळनेरच्या पुढं एका गावातली दूध संस्था पहिल्यांदाच आपला प्रोग्रॅम घेतेय. तिथं माणसांना शिकवायला जायचंय. तोवर पुस्तक एकसारखं झालं नाही तर पुण्याच्या एजन्सीला द्यावं लागेल."

"उरलेली पानं?"

"सगळंच. ते लोक पहिल्या पानापासून नव्यानं लिहितात. त्यांची पद्धत वेगळी असते."

"मग हिची चाळीस पानं?"

लॅपटॉपचं झाकण मेघानं उगीच पुसलं.

"मी करतो," नाना म्हणाले.

नानांनी आयुष्यात "मी करतो" हे फार थोड्या वेळा म्हटलं आहे. खात्यात असं म्हणायची पद्धत नव्हती. तिथं "बघतो" म्हणत. त्यामुळे शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना स्वतःलाच धास्ती वाटली. पण मेघा उठून निघालीसुद्धा होती.

दुसऱ्या दिवशी सुपडू आप्पा शेवभाजीचा डबा घेऊन आले. नाना एकटे पडल्यापासून आप्पांच्या घरून आठवड्यातून तीनदा शेवभाजी येते आणि डब्यासोबत सल्ला येतो. भाजी तिखट असते आणि सल्ला जास्त तिखट असतो.

"हे ठळक-बिळक काही खरं नाही भो," आप्पा म्हणाले. "रेल्वेत कसं असतं? लाल, पिवळा, हिरवा. अडाणी माणसाला कळतं, साहेबाला कळतं, म्हशीलासुद्धा कळतं."

"म्हशीला कसं कळतं?"

"कळत नाही म्हणूनच रुळावर येते. पण बाकी सगळ्यांना कळतं. ‘रद्द करा’ लाल कर. ‘जतन करा’ हिरवं. जिथं जपून करायचं ते पिवळं. काम संपलं."

नानांना ते पटलं. खरं तर ते न पटवून घेण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. आप्पा खुर्ची ओढून बसले आणि दोघांनी मिळून एक अख्खं प्रकरण रंगवलं. पडद्यावर ते पोळ्याच्या बैलासारखं दिसत होतं. मग नानांनी घरच्या छपाई यंत्रावर पान काढलं. त्या यंत्रात काळी शाई सोडून दुसरी शाई कधी घातलेलीच नव्हती. लाल करडं आलं, हिरवं करडं आलं, आणि पिवळं तर आलंच नाही.

आप्पांनी पान उजेडात धरून नीट पाहिलं. "असा सिग्नल दिसला तर गाडी उभी करायची आणि स्टेशनला फोन लावायचा असतो," ते म्हणाले आणि डबा घेऊन घरी गेले.

मग नानांनी स्वतःच्या अकलेनं घ्यायचं ठरवलं. संगणकात एक सोय असते. एक शब्द सांगायचा आणि तो जिथं जिथं असेल तिथं एका फटक्यात ठळक करून घ्यायचा. एवढं सोपं असताना हिनं चार वर्षं एकेक शब्द हातानं का केला, याचं नानांना नवल वाटलं. ‘भरा’ नावाचं एक बटण होतं. नानांनी ‘भरा’ सांगितलं. मग ‘वजन’ सांगितलं, ‘नोंद’ सांगितलं, ‘काटा’ सांगितलं. संगणकानं कुरकुर न करता सगळं केलं. सरकारी नोकरीत अशी हाताखालची माणसं मिळाली असती तर नाना अधीक्षक होऊन निवृत्त झाले असते.

पानं उघडून पाहिली तर ‘भराभर’मधला ‘भरा’ ठळक आणि उरलेला ‘भर’ बारीक. ‘वजनदार’मधलं वजन ठळक, दार बारीक. ‘नोंदणी’ अर्धी जाड, अर्धी रोडकी. पुस्तकाला देवी आल्यासारखं दिसत होतं. आणि त्यात हिची चाळीस पानंही होती. नाना घाबरले. घाबरल्यावर माणूस ओळखीच्या गोष्टीला हात घालतो. नानांनी सगळ्यात ओळखीचं बटण दाबलं, ‘जतन करा’.

मेघाला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "काकूंच्या पानांची जुनी प्रत माझ्याकडे आहे, नाना. ती पाठवते. पण ती सोय परत वापरू नका."

"नाही वापरत."

"शब्द ठळक नसतो, नाना. जागा ठळक असते, असं काहीतरी काकू म्हणायच्या. मला तेव्हा नीट कळलं नव्हतं."

नानांनाही कळलं नाही. पण हे वाक्य हिनं मेघाला सांगितलं आणि आपल्याला सांगितलं नाही, याचा त्यांना दोन दिवस राग राहिला. राग काढायला माणूस समोर नव्हतं. मग त्यांनी तो भांडी घासून काढला.

यात धुळ्याची भानगड उपटली. संस्थेला संगणक सरकारी योजनेतून मिळाला होता, म्हणून त्यासोबतच्या पुस्तकावर धुळ्याच्या एका कार्यालयाचा शिक्का हवा होता. मेघा म्हणाली, मी पोराला पाठवते. नाना म्हणाले, "पोरं शिक्का आणत नाहीत. पोरं ‘उद्या या’ घेऊन येतात." आणि पुस्तकाची कच्ची प्रत घेऊन स्वतः पारोळ्यावरून जाणाऱ्या एसटीत बसले.

टेबलावरच्या भाऊसाहेबांनी पुस्तक उलटंपालटं केलं. तुमचा विषय कुठल्या टेबलाचा ते बघावं लागेल म्हणाले. बघितलं. तो त्यांच्याच टेबलाचा निघाला. यामुळे ते जरा नाराज झाले आणि वाचायला लागले.

"हे पान बघा. वर ‘नोंद’ साधी आहे. त्याच ओळीत पुढं ‘नोंद’ ठळक. दोन्ही नोंदी एकच का?"

"एकच."

"मग एकीला जाड अक्षर आणि एकीला का नाही? उद्या ऑडिटवाल्यानं विचारलं यातली मंजूर नोंद कुठली, तर मी काय सांगू?"

पान हिचंच होतं. नानांनी ते हातात घेतलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचलं. "शेतकऱ्यानं आणलेल्या दुधाची नोंद करण्यासाठी ठळक सुरू नोंद ठळक संपलं हे बटण दाबा पूर्णविराम."

कार्यालयातली सगळी माणसं माना वर करून बघायला लागली. पण नानांचं तिकडं लक्ष नव्हतं. चार वर्षं तोंडानं म्हटलेलं वाक्य त्यांच्या कानात पहिल्यांदाच शिरलं होतं.

"भाऊसाहेब, तुमचे साहेब कुठं आहेत?"

"आत, केबिनमध्ये."

"खुर्चीत बसले की ते साहेब. आणि घरी गेले की?"

भाऊसाहेबांनी केबिनच्या दाराकडं पाहून आवाज खाली आणला. "घरी ते साहेब नसतात. घरी वहिनी साहेब असतात."

"तसंच आहे हे. पडद्यावर ड्युटीला बसलेली नोंद ती ठळक. आपल्या तोंडातली, घरातली नोंद ती साधी. माणूस एकच, खुर्ची वेगळी."

भाऊसाहेबांनी हे मनात दोनदा घोळवलं. त्यांचा चेहरा उजळला. आयुष्यभर टेबलावर बसलेल्या माणसाला खुर्चीची भाषा लगेच समजते. "असं लेखी द्या," ते म्हणाले.

"अर्ज?"

"अर्ज कशाला? खुलासा."

नानांनी खुलासा लिहून दिला. साहेब जेवायला गेले, साहेब आले, साहेब पुन्हा कुठंतरी गेले. शेवटी शिक्का मिळाला. मुखपृष्ठावर गाईचं चित्र होतं, बरोबर तिच्या तोंडावर बसला. नाना परतीच्या एसटीत खिडकीशी बसले होते. पारोळा कधी गेलं ते त्यांना कळलं नाही. हिचा नियम आपल्याला सापडला, हे कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. शेजारी बसलेल्या माणसाला त्यांनी सांगूनही पाहिलं. तो म्हणाला, "असं का," आणि एरंडोलला उतरला.

पुढचे दिवस बरे गेले. नाना एकेक वाक्य मोठ्यानं वाचत आणि विचारत, ही ड्युटीवर आहे का घरी आहे? ड्युटीवर असेल तर ठळक. भिंतीपलीकडून सुपडू आप्पा अधूनमधून निकाल देत. "घरीच आहे ती, नको करू ठळक." पोरांची पानं हळूहळू काकूंच्या पानांसारखी दिसायला लागली. नाना रात्री वेळेवर जेवायला लागले.

मेघाच्या ऑफिसचं छपाई यंत्र ऐनवेळी बंद पडलं, म्हणून छपाई चुडामणच्या प्रेसमध्ये गेली. चुडामणचं दुकान लग्नपत्रिका आणि उत्तरकार्याच्या पत्रिका यांवर चालतं. आपल्याकडं या दोन गोष्टींना वर्षभर मरण नाही. हेमलताबाईंची पत्रिकाही त्यानंच छापली होती.

चुडामण आपल्या धंद्यातला पक्का माणूस. त्यानं पहिलं पान पाहूनच विचारलं, "नाना, यात मोठं कोण?"

"म्हणजे?"

"जाड अक्षर कुणाला द्यायचं? आजोबाला का मामाला? मामाचं नाव बारीक आलं म्हणून दोन लग्नं मी मोडताना पाहिलीत."

"यात मामा नाही रे. जसं दिलंय तसंच छाप. एकही अक्षर जाडबारीक करू नको."

"बरं, ऱ्हायलं. आणि या चौकटी?"

पुस्तकात जागोजागी सूचनांच्या चौकटी होत्या. वीज गेली तर जतन न केलेली नोंद जाते. एकदा रद्द केलेली पावती परत येत नाही. अशा.

"आनंदाच्या का दुःखाच्या?" चुडामणनं विचारलं. त्याच्याकडं चौकटी दोनच जातींच्या होत्या.

नानांनी विचार केला. नोंद जाते. पावती परत येत नाही. "आनंदाच्या तर नाहीत," ते म्हणाले.

पुस्तकांचे गठ्ठे थेट मेघाच्या गाडीत गेले आणि गाडी निघाली पिंपळनेरकडं. साक्रीच्या पुढं गेल्यावर नानांनी एक प्रत काढून उघडली. प्रत्येक सूचनेला बोटभर जाडीची काळी चौकट होती. वरच्या दोन कोपऱ्यांत समया तेवत होत्या आणि खाली जोडलेले हात होते. पुस्तकात अशा सूचना जागोजागी होत्या. नानांनी पुस्तक मिटलं आणि मेघाला काही सांगितलं नाही. गाडी ती चालवत होती.

संस्थेच्या सभागृहात सत्तरेक माणसं सतरंजीवर बसली होती, बायकाही बऱ्याच होत्या. पुस्तकं वाटली गेली. कुजबुज सुरू होती ती हळूहळू थांबली. पानं उलटायचे आवाज थांबले. पहिल्या रांगेत भिकुबाई म्हणून एक म्हातारी होती. संध्याकाळचं दूध तीच घेते, हे मेघानं नानांना येतानाच सांगितलं होतं. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि हळू आवाजात विचारलं, "कोन वारनं, नाना?"

नाना सांगणार होते की कुणी वारलेलं नाही, ही वीज जाण्याची सूचना आहे. तसं वाक्य त्यांनी गाडीत जुळवूनही ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळं.

"हे पुस्तक जिनं लिहिलं ती. माझी बायको."

मागं कुणीतरी बिडी विझवली. मेघा पडद्याजवळ तार हातात घेऊन उभी होती, तशीच राहिली.

"कवय?" भिकुबाईनं विचारलं.

"संक्रांतीच्या आधी."

"पोऱ्या-सोऱ्या?"

"नाहीत."

भिकुबाई उठली, आत गेली आणि स्वतः चहाचा पेला घेऊन आली. "पी ल्या," ती म्हणाली. नानांना चहा नको होता. पण "पी ल्या" हे विचारणं नव्हतं. घरी इतक्या माणसांनी इतक्या वेळा चहा दिला होता, तेव्हा नाना प्यायले होते की नाही हे त्यांना आठवत नव्हतं. हा मात्र त्यांनी पूर्ण प्यायला. कळकट पेला, गोडमिट्ट चहा. तोंड पुसायच्या निमित्तानं त्यांनी डोळेही पुसले.

मग शिकवणं सुरू झालं. मेघा पडद्यावर दाखवी आणि लोक पुस्तकात बघत. बरं चाललं होतं. तेवढ्यात चेअरमन निंबा आबा उभे राहिले. आबांनी इतका वेळ दुधाचं काही वाचलं नव्हतं. ते पुस्तकात स्वतःला शोधत होते आणि आता सापडले होते.

"एक गोष्ट सांगा नाना. तुमच्या दुःखाच्या टाइमाले बोलू नये, पण बोलनं पडी. ‘चेअरमन’ बारीक अक्षरमां आन ‘रद्द करा’ जाड अक्षरमां? हाई काय मान देवानी रीत शे का?"

मागून चार-दोन संचालकांनी माना हलवल्या. त्यांचीही पदं बारीकच होती.

मेघानं नानांकडं पाहिलं. संस्थेनं पुस्तक स्वीकारल्याच्या कागदावर आबांची सही व्हायची होती. सही झाली नाही तर पुण्याची एजन्सी तयारच होती. नानांनाही ते माहीत होतं. आणि हेही माहीत होतं की एकदा चेअरमन ठळक झाले की व्हाइस चेअरमन होणार, मग संचालक, मग सचिव, आणि लग्नपत्रिकेसारखं सगळं पुस्तक ठळक होऊन बसणार. मग हिच्या नियमाचं काय राहिलं?

"आबा, ठळक म्हणजे मान नाही," नाना म्हणाले. "ठळक म्हणजे काम."

"मंग आम्ही काय बिनकामना शेतस का?"

लोक हसले. आबा हसले नाहीत. नानांनी खुर्चीची गोष्ट सांगून पाहिली. साहेब खुर्चीत असले की ठळक आणि घरी असले की साधे. आबांनी विचारलं, "मंग मी आते कोठे शे? खुर्चीमां बठेल शे ना?" आणि ते खरोखरच तिथल्या एकुलत्या एक खुर्चीत बसलेले होते. धुळ्याला चाललेली युक्ती पिंपळनेरच्या पुढं चालली नाही. आता पाहिजे तर आबांना ठळक करून टाकावं, निदान पानं तरी वाचतील, असा विचार नानांच्या मनात आला आणि तोंडापर्यंत आलाही.

भिकुबाई या वेळेपर्यंत पुस्तक आणि पडदा आळीपाळीनं बघत होती. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "निंबा, माले जास्त वाचता येस नई. या पोरनी माले सांगं, जाड अक्षर दिखनं का तठे बोट लावानं. मी तेच करसू. आते तुले जाड करं, मंग चेअरमनले बी दाबनं पडी का?"

सभागृह जे हसायला लागलं ते थांबेना. मागच्या रांगेतला कुणीतरी म्हणाला, "दाबा ना अक्का, पावती निंघस का ते देखूत." आबांनी दोन क्षण तोंड घट्ट धरून ठेवलं. मग त्यांच्या मिशा हलल्या. ते आडनावानं, पदानं आणि वजनानं मोठे होते, पण भिकुबाई त्यांची चुलती होती, आणि चुलतीपुढं चेअरमन घरीच असतो.

"ऱ्हाऊ द्या मंग बारीक," ते म्हणाले आणि सही केली. सही मात्र त्यांनी जाड नळीच्या पेनानं केली, अर्धं पान व्यापून. निघताना नानांना बाजूला घेऊन म्हणाले, "चौकटी तेवढ्या बदला. दूधना पुस्तकमां सुतक नको. तुम्ही बी आते फिरा-बिरा जरा. इकडे येत चला."

परत येताना मेघा बराच वेळ हसत होती. मध्येच थांबे आणि परत हसे. मग म्हणाली, "एजन्सीला नको म्हणून सांगते आता. दुसरी आवृत्ती काढू. काकूंचं नाव मागच्या पानावर आहे, ते पुढं घेऊ."

"ठळक?"

"तुम्ही सांगा. ड्युटीवर आहेत का घरी?"

नाना खिडकीबाहेर बघत राहिले. "साधंच राहू दे," ते म्हणाले.

दुसऱ्या आवृत्तीचं काम आता होत आलं आहे. चौकटी बारीक रेघेच्या केल्या. समया आणि हात काढले. चुडामणला वाईट वाटलं, कारण त्याच्या मते चौकटी फार उठून दिसत होत्या. संध्याकाळी नाना एकटेच आरामखुर्चीत बसून रुजवात घेतात. वाचणारेही तेच आणि तपासणारेही तेच, त्यामुळे दर वाक्याला उठून संगणकापर्यंत जावं लागतं. आप्पा म्हणतात की याच्यानं नानांची साखर उतरली.

मागच्या आठवड्यात मेघानं सगळं पुस्तक वाचलं आणि फोन केला. "नाना, एकदम एकसारखं झालंय. फक्त पान तेवीसवर एक ‘जतन करा’ साधं राहिलंय. काकूंच्याच पानावर. त्यांच्याकडून कसं सुटलं कुणास ठाऊक."

"बघतो," नाना म्हणाले.

कसं सुटलं ते त्यांना माहीत आहे. त्या दिवशी आप्पा भिंतीपलीकडून ओरडले होते आणि हिनं चष्मा काढून ठेवला होता. रुजवात पुढं झालीच नव्हती.

नानांनी ते पान दोन-तीनदा उघडून पाहिलं आहे. बाकी सगळं झालं. तेवढं ठळक करायचं राहिलं आहे.